जहाजाचा निरोप आणि माझं चार्जिंग

"बाबा, तुम्ही फक्त खुर्चीत बसा. बाकी सगळं माझ्याकडे लागलं!"

असं मी सासरेबुवांना छातीठोकपणे सांगितलं तेव्हा सकाळचे पावणेअकरा वाजले होते. ज्या जहाजावर त्यांनी बावीस वर्षं वायरलेस सांभाळला, ते आज भंगारात निघालं होतं. बरोबर साडेअकराला बंदर सोडताना कप्तान वायरलेसवरून शेवटचा निरोप देणार होता. आणि माझ्याकडे होता साबणाच्या वडीएवढा रेडिओ. त्याचं सगळं काम आतलं सॉफ्टवेअर करतं. विमानं, जहाजं, वाट्टेल ते ऐका!

मी बटण दाबलं. पडद्यावर रिकामी बॅटरी दिसली आणि अंधार! रात्री वायर लावली होती. भिंतीवरचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

"काय झालं?" सासरेबुवांनी विचारलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते.

"काही नाही, तहान लागलीये त्याला!"

पॉवर बँक जोडली. दोन मिनिटांत तीच झोपली. इतकी कमी वीज पिणारा पाहुणा तिच्या खिजगणतीतच नव्हता! उठवली, पुन्हा झोपली. अकरा वाजून दहा! शेवटी भिंतीवरच्या चार्जरला जोडला. रेडिओ लागला, पण आवाज असा, की कुणी पत्र्यावर वाळू चाळतंय.

"हा चार्जरचा त्रास आहे," सासरेबुवा म्हणाले.

"छे हो बाबा, फ्रिजचा असणार!"

बावीस वर्षांच्या अनुभवाला मी चुटकीसरशी उडवून लावलं. फ्रिज बंद केला. खरखर तशीच. पंखा बंद केला, इंटरनेटचा डबा बंद केला.

आतल्या खोलीतून बायको ओरडली, "अरे, माझे साहेब तोंड उघडं ठेवून गोठलेत! मीटिंग चालू आहे माझी!"

"दहा मिनिटं कळ काढ!"

अकरा पंचवीस! माझ्या अंगात वारं शिरलं. जिना उतरून मेन स्विचपाशी पोचलो. तिथे तीन स्विच. आपला कुठला ते कळेना, म्हणून तिन्ही पाडले!

धावत वर आलो. खरखर गेली होती. चार्जरही गेला होता. आणि अर्थातच, रिकाम्या बॅटरीचा रेडिओही.

एवढ्यात तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर धापा टाकत दारात. "लाइट कुणी घालवली? पेशंटची दाढ अर्धी कोरून झालीये!"

बायकोही बाहेर आली. मी तोंड उघडलं, आणि...

भों!

बंदराकडच्या उघड्या खिडकीतून जहाजाचा भोंगा आला. लांबलचक, जाडजूड. पंखा नाही, फ्रिज नाही, घर चिडीचूप, काचा थरथरल्या. पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा, हळूहळू विरत गेलेला.

सासरेबुवा केव्हाच उभे राहिले होते. डॉक्टरही दाढ विसरून खिडकीशी आल्या. बायकोने जाऊन वडिलांचा हात धरला.

"आवाज तोच आहे गं," ते म्हणाले. "जरासुद्धा बसला नाही."

मी लगेच पुढे सरसावलो. "बघा बाबा! इतकं स्वच्छ ऐकवलं की नाही तुम्हाला?"

त्यांनी डोळे पुसले, माझ्या हातातल्या वडीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले,

"जावईबापू, खिडकीला चार्जिंग लागत नाही."

"माझ्या मशीनला लागतं!" डॉक्टर भानावर आल्या.

मी स्विच वर करायला खाली गेलो.