उस्मानचाचांचा प्रचार

आखातात, गुदैबियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये उस्मानचाचांची बेल वाजवली, की आधी मत द्यावं लागे. दारावर त्यांच्या भाचीचा, शबानाचा फोटो. ती कॅनडातल्या एका प्रांतात निवडणुकीला उभी होती. दूध आणणाऱ्या केरळी दुकानदाराचीही सुटका नव्हती.

"पोरीला मत देणार ना?"

"चाचा, मेरा वोट उधर किधर है?"

"मी तुझा कार्ड मागितला काय? हां बोल, नाय तर नाय बोल!"

तो बिचारा हां म्हणायचा. "यल्ला, चला, एक पक्का!" म्हणत चाचा खूश.

चाचा रत्नागिरीकडचे, एका शिपिंग ऑफिसात क्लार्क. आईबाप गेलेल्या शबानाला त्यांनीच इथं वाढवलं. लग्न करून ती कॅनडाला गेली आणि राजकारणात शिरली. पहिल्यांदा पडली, तर चाचांनी मिठाई वाटली. "पडली ते काय बघतोस? उभी ऱ्हायली ते बघ!" दुसऱ्यांदा निवडून आली आणि चक्क रस्तेमंत्री झाली. मग काय विचारता! टॅक्सी खड्ड्यात आदळली की चाचा गरजत, "आमच्या शबानाच्या राज्यात ह्ये चालत नाय!" खरं सांगतो, आम्हाला वीट आला होता.

तिसऱ्या निवडणुकीत मंत्रीणबाई आपटल्या. सकाळी मी धीर द्यायला वर गेलो, तर चाचा फोनवर. शबानाचं इंग्रजीतलं रडणं मला दारात ऐकू येत होतं. लोकांना मी नकोय, पुन्हा उभी राहणार नाही, म्हणत होती.

"खलास? असा कसा खलास?" चाचा कडाडले. "नको बोलले, पण त्यांना कोणी विचारलं तरी! मला कोणी विचारलं? बाविसाव्या वर्षी इथं आलो. गावच्या यादीतून नाव कापलं, इथं मी पाहुणा. चाळीस वर्सं झाली, बोटाला शाई कशी लागते मला ठाऊक नाय!"



मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा बाप मतदानाला धुतलेला सदरा घालून जायचा, आणि मी त्याचा पोरगा इतकी वर्षं या माणसाची टिंगल करत होतो.

"तू उभी ऱ्हातेस ना," चाचांचा आवाज खाली आला, "तेवा वाटतं, मी पण कुठंतरी मोजला जातो."

शबाना म्हणाली, "ओके मामू. आय विल स्टँड."

"हां," चाचा एवढंच बोलले, आणि रिसीव्हर दोन्ही हातांत धरून माझ्यासमोरच ढसाढसा रडायला लागले.