ध्यानाची काठी आणि उन्हातल्या गाद्या

"अहो, मोडली बघा," म्हणत फुसाएने ध्यानाच्या काठीचे दोन तुकडे नवऱ्यापुढे धरले.

झेन मंदिराचे पुजारी र्योकाई यांनी ते हातात घेतले. "कशी मोडली?"

"गाद्या उन्हात टाकल्या होत्या. झोडायचा बांबू सापडेना."

"म्हणून ध्यानात पेंगणाऱ्यांना फटका देऊन जागं करायची काठी घेतलीस?"

"पेंगणारे तरी कुठे लोळतात? गादीवरच ना!"

काठी साधी असती तर निभावलं असतं. पण दुकानाला कुलूप घालण्यापूर्वी तोकुजिरो सुतारांनी केलेलं ते शेवटचं काम होतं. त्यानंतर सुनेने म्हाताऱ्याच्या हाती रंधा लागू दिला नव्हता. दर रविवारी ते ध्यानाला येत, खांद्यावर फटका मागून घेत आणि आवाज ऐकून खुदकन हसत. आता त्यांना तोंड कसं दाखवायचं? र्योकाईंनी सरस लावून तुकडे जोडले, वर मेण चोळलं आणि देवाला हात जोडले.

रविवारी तोकुजिरोंनीही हात जोडले. रीत अशी, की बसलेल्याने हात जोडले की फटका द्यावाच लागतो. र्योकाईंनी आधी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग काठी नुसती खांद्याला टेकवली.

"गुरुजी, माशी हाकलताय का?" तोकुजिरो कुजबुजले. "नीट मारा की!"

फट्! अर्धी काठी उडाली ती थेट घंटेवर. घंटा घणघणली, ध्यान संपलं असं समजून सगळे आनंदाने उठले आणि चहाची वाट बघू लागले.

"बघा रे!" तोकुजिरो ओरडले. "ऐंशी वर्षांचा खांदा! ओकची काठी मोडली!"

खरं सांगायला र्योकाईंनी तोंड उघडलं, पण म्हाताऱ्याचा फुललेला चेहरा बघून जीभच रेटेना. तोकुजिरो तुकडे घेऊन घरी गेले.

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा त्यांच्या भुवयांत लाकडाचा भुसा होता.

"सुनेने स्वतः दुकान उघडून दिलं. मंदिराचं काम, नाही कसं म्हणेल?" त्यांनी नवी काठी पुढे केली.

र्योकाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. "आजोबा, खरं सांगायचं तर ती जुनी..."

"असू द्या हो. सरसात गादीचा कापूस चिकटला होता. माझ्या खांद्यात कुठला आलाय कापूस?"

मग त्यांनी गाठोड्यातून आणखी एक रुंद काठी काढली.

"ही वहिनींना, गाद्यांसाठी. आणि म्हणावं, चांगली जोरात झोडा. मोडली तर बरंच!"