लुप्त झाल्याचा दाखला

सिंहस्थाच्या वर्षी, म्हणजे २००३ साली, गंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची एका जुन्या शेटजींची दगडी कोठी ऐतिहासिक असल्याचे शहराच्या वारसा समितीच्या लक्षात आले. कोठी त्याआधीही दीडशे वर्षे तिथेच होती, पण तसा ठराव झालेला नव्हता. ठरावानुसार तिथे समकालीन कला व सांस्कृतिक केंद्र व्हायचे होते. वास्तू जिवंत करायची तर आधी तिच्यातली माणसे हलवावी लागतात, हा संवर्धनाचा पहिला नियम आहे. इथे हलवण्याजोगे माणूस एकच उरले होते, आणि तेही आत नव्हे, बाहेरच्या ओट्यावर.

विमलाबाई जवळच्याच मखमलाबाद गावच्या. घरच्या वावरातला झेंडू आणि शेवंती पहाटे पाटीत भरून आणायच्या आणि त्या ओट्यावर बसून हार ओवायच्या, याला बावीस वर्षे झाली होती. ओट्यावर दुपारपर्यंत सावली असे. सावलीतला हार संध्याकाळपर्यंत टिकतो, उन्हातला दोन तासांत मान टाकतो. त्यामुळे तो ओटा म्हणजे त्यांची अर्धी शेतीच होती. रस्त्यापलीकडे बसण्याची नोटीस आली, तशा त्या पदर खोचून केंद्राच्या संचालकांपुढे उभ्या राहिल्या.

संचालक ललित सर खादीचा कुडता घालत आणि बोलताना डोळे मिटून घेत. ते म्हणाले, "मावशी, तुम्हाला हलवताना मलाच वाईट वाटतंय. पण आनंदाची गोष्ट अशी, की आमचं पहिलं प्रदर्शन तुमच्यावरच आहे. 'ओट्यावरचे हात : एक लुप्त पुष्पकला'."

"लुप्त कुठं झाले, साहेब? ही काय, समोर उभी हाय मी."

सरांनी डोळे उघडले. "हो ना. तेवढंच अडतंय."

अडत होते ते असे, की अनुदान फक्त लुप्त कलांना होते. चालू असलेल्या कलेला धंदा म्हणतात, आणि धंदा ओट्यावर असला की त्याला अतिक्रमण म्हणतात. शेवटी केंद्राचे कारकून ज्ञानेश यांनी वाट काढली. बाईंनी आपली कला लुप्त झाल्याचा दाखला सही करून द्यावा. प्रदर्शन सुरू झाले, की ओट्यावर हार ओवून दाखवणाऱ्या बाईची पगारी जागा निघणारच होती.

"पेन्शनवाले हयातीचा दाखला देतात ना, तसंच," ज्ञानेश म्हणाले. "फक्त उलटं. मग ओटा तुमचाच."

ओट्यासाठी विमलाबाई पन्नास सह्या करायला तयार होत्या. त्यांनी सही ठोकली. रस्त्यापलीकडे फुले विकणाऱ्या भागीबाईंनी साक्षीदार म्हणून लिहून दिले, की विमलाबाईंना आपण कित्येक वर्षांत पाहिलेले नाही. लिहायला पेन विमलाबाईंनीच दिले. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणे म्हणतात ते हेच. फक्त या धोंड्यावर रबरी शिक्का होता.

मग रीतसर स्थळपाहणी झाली. पाहणी अधिकारी सकाळी आठला आले. त्यांनी विमलाबाईंकडून देवासाठी दोन हार घेतले आणि ओट्यावरच टेकून अहवाल लिहिला : 'प्रत्यक्ष पाहणीत हार ओवणारी कोणीही व्यक्ती आढळून आली नाही.' दोरा जरा कच्चा वापरता, अशी तक्रारही ते जाताना करून गेले.

उद्घाटनाच्या दिवशी विमलाबाई ठेवणीतले लुगडे नेसून, पाटी घेऊन आल्या. ओट्यापुढे लाल दोर बांधलेला होता. भिंतीवर त्यांच्याच हातांचा दहा फुटी फोटो होता, आणि ओट्यावर पायल नावाची कला-पदवीधर मुलगी कागदी फुले ओवत बसली होती, कारण खऱ्या फुलांनी दगडाला डाग पडतात. एका हाराला तिला अर्धा तास लागत होता. लोक फुलागणिक टाळ्या वाजवत होते.

"ही माझी जागा हाय," विमलाबाई म्हणाल्या.

ज्ञानेशनी फाईल उघडली. "होती, मावशी. पण आता तुम्ही लुप्त आहात. लुप्त माणसाची नेमणूक केली तर ऑडिटवाले मला सोडतील का?"

"मग मी हाय म्हनून लिहून देते!"

"तसा फॉर्म नाही."

विमलाबाईंना संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण फाईलमधली सही त्यांचीच होती. डोळे पुसत त्या रस्ता ओलांडून उन्हात जाऊन बसल्या.

प्रदर्शन फार गाजले. अभिप्रायवहीत एका संवेदनशील रसिकाने लिहिले, 'हे हात आज कुठे असतील? समाज म्हणून आपण किती कोडगे झालो आहोत!' लिहून झाल्यावर रसिकाने रुमालाने डोळे टिपले, रस्ता ओलांडला, गाडीत बसून हॉर्न दाबला आणि काच खाली केली. "ओ बाई, ती पाटी घ्या की बाजूला!"

विमलाबाईंनी पाटी ओढून घेतली. शेवंतीची चार फुले चाकाखाली गेली.

वही अजून केंद्रात आहे. त्या अभिप्रायाखालची सही फार लपेटदार आहे. आम्हाला काही तिचे अक्षर लागले नाही. तुम्ही एकदा सवड काढून पाहून या. आपले अक्षर आपल्याला लागते.