खुराड्याच्या दाराशी दहा हजार

विहीणबाई एक आरामखुर्ची, दोन ट्रंका आणि सात कोंबड्या घेऊन मुलीकडे राहायला आल्या, तेव्हा त्या घराच्या परसात मधमाश्यांच्या दोन पेट्या आधीच होत्या. माश्या मुलीच्या सासऱ्यांच्या. पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस. दुकान बंद केल्यावर काहीतरी बारीक, हलणारं आणि झाकण उघडून बघण्याजोगं हवं म्हणून त्यांनी माश्या पाळल्या होत्या. विहीणबाई निवृत्त नर्स. चाळीस खाटांचा वॉर्ड सांभाळलेल्या बाईला सात कोंबड्या म्हणजे विश्रांतीच.

पहिला महिना 'संकोच करू नका, तुमचंच घर आहे' यात गेला. दुसऱ्या महिन्यात कोंबड्यांना शोध लागला की पेट्यांखाली माश्या पडलेल्या असतात. माश्यांना शोध लागला की कोंबड्यांच्या थाळ्यात पाणी असतं.

"विहीणबाई, तुमच्या कोंबड्या माझ्या माश्या खातात," घड्याळजी एकदा म्हणाले.

"मेलेल्या खातात, व्याहीबुवा. तुमची आयती झाडलोट होते."

"काल खाल्लेला नर जिवंत होता."

"काय करत होता?"

"काही नाही. बसला होता."

"मग त्याला फारसा फरक पडला नसेल."

घड्याळजींना हे फार लागलं. दुकान बंद झाल्यापासून ते स्वतःही बहुतेक वेळ बसूनच असत. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. मीठ हवं असलं तरी "त्यांना सांग" असा निरोप सुनेमार्फत जाई. सून दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना 'तोंड उघडा' म्हणायचं आणि घरी येऊन हेच मनात म्हणत जेवायचं, असे तिचे पाच आठवडे गेले. शेवटी तिने आणि तिच्या नवऱ्याने ठरवलं, की दोन्ही बिऱ्हाडं एका परसात नांदत नाहीत. एकाला हलवावंच लागेल. कोणाला, हे मात्र दोघांपैकी कोणीच आधी म्हणेना.

त्या गुरुवारी मुलगा कचेरीत आणि सून दवाखान्यात गेली होती. साडेदहाच्या सुमारास घड्याळजी परसात आले, तर एका पेटीतली वर्दळ निम्म्यावर आलेली. त्यांनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहराच पडला. जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघून गेली होती. घड्याळजी तसेच चप्पल अडकवून गल्लीत धावले.

"इकडून मधमाश्या गेल्या का हो?" त्यांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं.

"किती होत्या?"

"असतील दहा हजार."

इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली. "काका, दोन-तीन असत्या तर लक्ष गेलं नसतं. दहा हजार दिसल्या असत्या."

घड्याळजी झाडांचे शेंडे बघत पुढच्या गल्लीत गेले. खरं तर माश्या त्यांच्या घरापासून दहा पावलांवरच होत्या.

विहीणबाई त्याआधीच खुराड्यात शिरल्या होत्या. खुराडं चांगलं ऐसपैस होतं, वाकून आत जाता येई. ठिपक्यांची कोंबडी विकत आणलेल्या उबवणीच्या अंड्यांवर बसून एकवीस दिवस होत आले होते आणि पिल्लं आजच फुटायची होती. विहीणबाई उलट्या बादलीवर बसून अंड्याला कान लावत होत्या, तेवढ्यात बाहेर अंधारून आल्यासारखं झालं. गुंजारव वाढत वाढत दाराशी आला आणि बघता बघता दाराच्या चौकटीला, आतल्या बाजूने, भोपळ्याएवढा जिवंत गोळा लोंबायला लागला.

दार एकच. गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्या गोळ्याखालून रांगत जाणं शक्य नव्हतं. ओरडावं, तर माश्यांजवळ आवाज करू नये हे व्याह्यांनी, बोलणं चालू असताना, चारदा बजावलेलं. विहीणबाईंनी फोन काढला आणि पाच आठवड्यांचा मान बाजूला ठेवून व्याह्यांना लावला.

घड्याळजींनी नाव पाहिलं आणि फोन कापला. 'आत्ताच बरी आठवण झाली,' ते पुटपुटले. असं तीनदा झालं.

मग विहीणबाईंनी मुलीला फोन लावला आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, "ऐक. मी आत अडकलेय. दाराशी दहा हजार आहेत. मला जोरात बोलता येत नाही."

"दहा हजार कोण, आई?"

"यांचाच घोळका सगळा. तुझ्या सासऱ्यांचा." एक माशी फोनवर येऊन बसली. विहीणबाईंनी फोन हळूच खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

सुनेच्या हातातलं यंत्र थांबलं. खुर्चीतल्या माणसाला ती म्हणाली, "तोंड उघडंच ठेवा, मी आले." तिने नवऱ्याला फोन केला. "आपल्या घराला दहा हजारांच्या जमावाचा वेढा पडलाय. आई आत कोंडून घेऊन बसलीय. आणि माणसं बाबांची आहेत म्हणे!"

"बाबांची माणसं? बाबांना दहा माणसंसुद्धा ओळखत नाहीत गं."

पण सासूबाई फोन उचलत नाहीत म्हटल्यावर त्याने पोलिसांना कळवलं. पोलिसांनी पत्ता दोनदा विचारला, आकडा तीनदा.

पाऊण तासाने मुलगा, सून, एक हवालदार आणि दोन शिपाई घरासमोर एकदमच पोचले. गल्ली शांत होती. एक मांजर आळस देत होतं.

"जमाव कुठाय?" हवालदाराने काठी सावरत विचारलं.

तेवढ्यात घड्याळजी घामाघूम होऊन परत आले. पोलीस बघून त्यांचा चेहरा उजळला. "सापडल्या का?"

"काय सापडल्या?"

"माश्या!"

परसातून अगदी बारीक आवाज आला. "इकडे. खुराड्यात. आणि कृपा करून कोणी धावू नका."

सगळे चवड्यांवर परसात गेले. जाळीआड विहीणबाई बादलीवर ताठ बसल्या होत्या. समोर गोळा, मागे सात कोंबड्या. हवालदाराने गोळ्याकडे पाहिलं आणि काठी पाठीमागे लपवली. "हा जमाव आम्हाला पांगवता यायचा नाही," तो हळूच म्हणाला.

घड्याळजी जाळीला चिकटले. पाच आठवड्यांनी त्यांच्या तोंडून विहीणबाईंसाठी पहिला शब्द निघाला. "विहीणबाई! चावलं का कुठे?"

"अजून तरी नाही. तुम्ही फोन का उचलत नव्हता?"

"मी... मी माश्या शोधत होतो."

"त्याचसाठी करत होते हो मी!"

घड्याळजींनी खाली मान घातली. मग समजावलं, की घर सोडून निघालेल्या माश्यांची पोटं मधाने भरलेली असतात, त्या सहसा डंख करत नाहीत. गोळा रिकाम्या पेटीत पाडला की झालं. पण तो चौकटीच्या आतून होता, बाहेरून हात वळत नव्हता. त्यांनी पेटी गोळ्याखालून आत सरकवली आणि हात वर नेला. पस्तीस वर्षं केसाएवढे स्क्रू बसवलेला तो हात गोळ्यापर्यंत पोचेना.

"मागे व्हा," विहीणबाई म्हणाल्या. "रोगी माझ्या बाजूला आहे. काय करायचं ते सांगा फक्त."

"पेटी बरोबर खाली धरा. दुसऱ्या हाताने चौकटीला एकच ठोका. एकच. मग झाकण."

विहीणबाई उठल्या. गुडघा कुरकुरला. सुनेने डोळे मिटले. ठक्क असा आवाज झाला, ओला टॉवेल पडावा तसा गोळा पेटीत पडला आणि झाकण लागलं. दहाबारा माश्या भांबावून फिरल्या आणि भोकातून आपण होऊन आत गेल्या. राणी आत होती. बाहेर सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. हवालदार पायरीवर बसला आणि त्याने पाणी मागितलं.

"एकाच ठोक्यात!" घड्याळजी भारावून म्हणाले. "मला कधी जमलं नव्हतं."

विहीणबाईंना उत्तर द्यायला वेळ नव्हता. ठिपक्यांच्या कोंबडीखालून कोणीतरी ची-ची करत होतं.

संध्याकाळी मुलगा आणि सून जेवणाच्या टेबलाशी दोघांसमोर बसले. आजच्या प्रकारानंतर बोलणं सोपं झालं होतं.

"आम्ही ठरवलंय," मुलगा म्हणाला. "एकावर अन्याय नको. कोंबड्याही देऊन टाकू, माश्याही. परस मोकळं."

"कोणाला विचारून?" घड्याळजी म्हणाले.

"तेच म्हणतेय मी," विहीणबाई म्हणाल्या. "आठ पिल्लं कालपर्यंत अंड्यात होती आणि तुम्ही त्यांना आजच घराबाहेर काढताय?"

"आणि नवी पेटी? ती अजून रुळलीही नाही."

दोघं उठून तरातरा परसात गेली. नवी पेटी कुठे ठेवायची यावरून पाच मिनिटांत तिथून आवाज चढायला लागले. तिचं तोंड उगवतीला हवं असं घड्याळजींचं म्हणणं, आणि मग पिल्लांच्या अंगावर ऊन कुठून येणार, असं विहीणबाईंचं. "तुम्हाला माश्यांतलं काय कळतं?" इथपासून "पेटीत पाडल्या कोणी?" इथपर्यंत मजल गेली.

सून घाबरून उठली. नवऱ्याने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"अगं, राहू दे," तो म्हणाला. "बोलतायत ना!"

मग दोघांनी पाच आठवड्यांत पहिल्यांदाच निवांत, पोटभर जेवण केलं. मीठ स्वतःच्या हाताने घेतलं, आणि कुणाचा निरोप कुणाला पोचवावा लागला नाही.