गारव्याच्या जाळीस झूल घातली त्याची हकीकत

वारा ज्याचा श्वास आणि धूळ ज्याच्या पायीची, त्या समर्थास नमन करोन ही हकीकत लिहिली आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, फाल्गुन मास, ते समयी एका राज्यात गहू उभा पिकला होता आणि कापणीस यंत्र एकच होते. राज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. ज्यांस ठाऊक आहे ते ओळखतील आणि ज्यांस नाही त्यांचे काही अडत नाही. यंत्रास लोक हार्वेस्टर म्हणत. त्याच्या माथ्यावर काचेची अंबारी होती आणि अंबारीत गार वारा देणारा एसी होता, आणि राज्यात दुसरीकडे कोठे ऐसा गारवा नसल्यामुळे यंत्र आले त्या उन्हाळ्यात थोर मंडळी काही ना काही निमित्त काढोन अंबारीत बसोन येत असत.

राज्याचे धनी माणकोजीराव, परंतु राज्य चाले ते त्यांच्या मातोश्री तुळसाबाई आईसाहेब यांच्या शब्दाने. आईसाहेबांनी यंत्राची पूजा स्वहस्ते केली, प्रत्येक भागास कुंकू लाविले आणि छतावरील जाळीतून धूळ आत जाते हे पाहोन त्यांचे मन कळवळले. पोळ्यास बैलास झूल घालितात, मग एवढ्या मोठ्या जनावरास का नको, ऐसे म्हणोन त्यांनी आपले जुने हिरवे इरकली लुगडे फाडोन, आरसे व गोंडे लावोन झूल शिविली आणि जाळीवर चहूबाजूंनी दाभणाने पक्की करविली. राज्यात वाहवा जाहली. धूळ जाळीपाशी थांबली आणि तिजसंगे वाराही थांबला.

मग अंबारी तापू लागली. शहराहून एसीचे वैद्य आणविले. त्यांनी नळीस हात लाविला, डोळे मिटिले आणि गॅस कमी पडला ऐसे निदान केले. गॅस भरिला, चहा घेतला आणि स्वारी परत गेली. आठवड्याने पुन्हा आले, पुन्हा तेच निदान, पुन्हा चहा. झुलीचे आरसे त्यांस फार आवडले.

तेव्हां यंत्राचा सारथी रायाजी खुस्पे, जो कसबी खरा परंतु आपल्या कसबाची वाखाणणी स्वमुखे करणारा, तो सदरेवर येवोन उभा राहिला.

"सरकार, आत भट्टी पेटलीय. वरून मानेवर पाणी ठिबकतं, पुढून मांडीवर गरम वारा येतो. न्हाणीत बसल्यागत होतंय."

"मग आंघोळ वाचली तुझी," माणकोजीराव बोलिले.

"हसा. काल घेरी आली, यंत्र बांधावर गेलं. थोडक्यात वाचलो."

"काच उघडी ठेव."

"मग भुसा डोळ्यात. माझ्यासारखा हात जिल्ह्यात नाही, पण डोळे मिटून मलाबी येत नाही."

"आमचे आबा उघड्या ट्रॅक्टरावर नांगरत होते रे."

"आबांच्या ट्रॅक्टराला काचेची पेटी नव्हती, सरकार." ऐसे बोलोन रायाजीने यंत्राची किल्ली ओट्यावर ठेविली. "गारवा येईल तेव्हा निरोप धाडा."

पश्चिमेस ढग उठले होते आणि गारांचा अंदाज वर्तविला होता. यंत्र उभे राहिले तर गहू जागीच जाणार, हे लहानथोर सर्व जाणत होते. झुलीने वारा अडतो हेही सर्व जाणत होते. माणकोजीरावांनी दोन निवडणुका लढविल्या होत्या, परंतु मातोश्रींस हे सांगण्याचे धैर्य त्यांस होईना. शेवटी मुदपाकखान्यात जावोन ते हळूच बोलिले, "आई, ती झूल धुवायला काढू का?"

"परवाच वरच्यावर पुसलीय मी. काय झालं?"

"काही नाही. मळखाऊ रंग आहे तसा."

आईसाहेबांनी लेकाचे तोंड पाहिले आणि तवा उतरविला. भर दुपारी त्या यंत्रापाशी गेल्या, शिडी चढोन अंबारीत बसल्या आणि दार लावोन घेतले. रायाजीस बोलाविले होते, तो यंत्र सुरू करोन देवोन शिडीवर उभा राहिला. थोड्याच वेळात आईसाहेब घामाने निथळल्या. त्यांनी वाऱ्याच्या तोंडाशी हात धरिला तो तळहातावर भुसा आला. तेव्हां दार उघडोन त्या बोलिल्या,

"रायाजी, मी बाहेरून जाळी झाकली. मग हा भुसा आत कसा? इथं कागदाचा गाळणा होता. मी कुंकू लावलं होतं त्याला."

रायाजीने बैठकीखाली हात घालोन आपल्या जेवणाच्या डब्याखालचा गाळणा काढिला. तो दुमडलेला, तेलकट जाहला होता.

"वारा येईना म्हणून काढला, आईसाहेब. मग वारा आला, फटींतली धूळबी आली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या झुलीला नाव ठेवायचं? इथं सरकार गप्प, मी कोण?"

आईसाहेबांनी तो गाळणा हाती घेवोन उलटसुलट पाहिला. "म्हणजे मी बाहेरून दार लावलं आणि तू आतून घर उघडं टाकलंस. आण तो विळा."

आणि शिडीवर येवोन त्यांनी छताशी हात पोचवोन झुलीचे टाके स्वतः कापिले. जाळी उघडी पडली ती जणू मातीने सारविलेली भिंत. माणकोजीराव उत्साहाने गाड्या धुण्याचा पाण्याचा फवारा घेवोन धावले, तो रायाजी बोलिला, "त्यानं चिखल होईल आणि जाळीच्या पातळ पत्र्या वाकतील, सरकार. हवाच मारायची, तीबी आतून बाहेर. बाहेरून मारली की भुसा अजून आत बसतो." मग यंत्र बंद करोन, नाकास पंचे बांधोन, बेताच्या दाबाने हवा मारिली, मऊ ब्रशाने पत्र्या झाडिल्या, आतील गारव्याच्या जाळीवरील केर काढिला आणि पाणी जाण्याची नळी मातीने बुजली होती ती मोकळी केली, तेव्हां मानेवरील अभिषेक थांबला. नवा गाळणा तालुक्याहून आणिला. दिवस कलता यंत्र सुरू केले आणि अंबारीत पूर्वीसारखा गारवा आला. गॅस होता तेवढा पुरला.

मग कोणाचे शेत आधी, हा प्रश्न उठला. माणकोजीरावांनी रिवाजाप्रमाणे आपले नाव पुढे केले. आईसाहेब बोलिल्या, "यंत्र माझ्या झुलीनं थांबलं. आपला गहू शेवटी."

रायाजीने सबंध राज्याचा गहू काढिला आणि धन्याच्या बांधास यंत्र लाविले, तोच गारा आल्या. निम्मे पीक आडवे जाहले. आईसाहेब बांधावर उभ्या राहोन पाहत होत्या. वर अंबारीत रायाजी खाली मान घालोन बसला होता. "उतर आता," त्या बोलिल्या, "आणि पाऊस थांबला की जाळी झटक."

पुढे सदरेवर शहाण्यांची सभा भरली आणि ऐसा निर्णय जाहला की, झूल काढिली म्हणोनच गारा पडल्या. सबब नवी झूल, अधिक आरसे लावोन, शिवावी. ठराव घेवोन मंडळी आईसाहेबांकडे गेली.

"शिवा की," आईसाहेब बोलिल्या. "पण यंत्राला नको. या माणकोजीला घाला."

एवंच, राज्याचा गहू घरी आला, धन्याचा निम्मा गेला, रायाजी चाकरीत राहिला आणि शहाण्यांची सभा पुढील कार्यास मोकळी जाहली. इतके वर्तमान घडले तैसे लिहिले.