चित्र सुस्पष्ट, ध्वनी सुश्राव्य

राजुरीपलीकडच्या तिठेवाडीत २००३ साली सांस्कृतिक मंडळाने रंगीत टीव्ही, सीडी प्लेअर आणि पाच स्पीकर आणले, आणि त्याच सभेत चित्र-ध्वनी दर्जा समिती नेमली. दर्जा बिघडण्याआधीच समिती तयार, एवढी दूरदृष्टी आसपासच्या एकाही वाडीत नव्हती.

उद्घाटनाला निवडलेल्या कौटुंबिक सिनेमाचं थोडं चित्रीकरण सतरा वर्षांपूर्वी वाडीच्याच विहिरीवर झालं होतं. त्यात कुशाबाईचा नवरा गेणू दमलेल्या नायकाला पाण्याचा तांब्या देतो आणि म्हणतो, "दमानं प्या, पावणं." सिनेमा जुन्नरला लागला तेव्हा कुशाबाई बाळंतीण होती, तिचं बघायचं राहून गेलं. पुढे तीन वर्षांत गेणूच गेला. फोटो भिंतीवर होता, पण त्याचा आवाज आता तिला आठवेना. त्या तीन शब्दांसाठी ती सर्वांच्या आधी येऊन पुढे बसली.

नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, मग ती पाण्याची मोटार असो की सीडी. अध्यक्ष भिमाजीरावांनी सीडीची चकचकीत बाजू वर केली आणि तिच्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. नारळ फुटला. सीडी आत गेली.

पडद्यावर विहीर आली, गेणूचा हात पुढे आला, आणि चित्राचे चौकोनी तुकडे झाले. पाचही स्पीकर एकदम "द-द-द" करून थांबले. मग थेट पुढचं गाणं लागलं.

"भाऊ, कुकू लागलंय तिला," कुशाबाई म्हणाली. "वल्या फडक्यानं पुसते मी."

"पूजेचं कुकू पुसायचं?" भिमाजीराव दचकले. "आन् त्येबी तुमी?"

चौदा वर्षांपूर्वी कुशाबाईचं कुंकू पुसताना कुणी दचकलं नव्हतं.

प्रकरण समितीकडे गेलं. तीन बैठका झाल्या, तीन वेळा भजी झाली. वादग्रस्त भाग वगळून सिनेमा तपासण्यात आला.

"त्ये काय म्हनत्यात, त्येच ऐकू येत न्हाई," कुशाबाई पुन्हा म्हणाली.

"आवाज राजुरीपत्तुर जातोय, आजून किती पायजेल?" चिटणीस अमृत म्हणाला. "आन् कोन काय बोललं, त्ये समितीकडं येत नाय. हितं अंगठा द्या."

"पुसायच्या परवानगीचा हाय का?"

"द्या तर खरं."

तिने दिला. अहवालात लिहिलं होतं: ‘चित्र सुस्पष्ट, ध्वनी सुश्राव्य. तक्रारदार समाधानी.’ पूजेची म्हणून सीडी काचेच्या कपाटात गेली, कुंकवासकट. कपाटाला कुलूप लागलं.

समितीच्या सत्काराचा फोटो मंचरच्या एका साप्ताहिकात छापून आला. हार, फेटे, मधोमध कपाट. कडेला उभी असलेली बाई फोटोत मावली नाही. तिचा फक्त हात आलाय, अंगठ्याला शाई लागलेला. तो अंक तुमच्याही घरी आला होता. तुम्ही निरखून पाहिलात आणि म्हणालात, छपाई काय सुरेख आहे हो.