संरक्षित सासरे

कोणतेही शहर नुसते जुने झाले म्हणून ऐतिहासिक होत नाही. त्यासाठी तिथली दुरुस्ती पुरेसा काळ बंद असावी लागते. गळके छप्पर वर्षभरात बुजवले तर ते साधे छप्पर राहते. दहा वर्षे बुजवले नाही तर ती तक्रार होते, आणि चाळीस वर्षे बुजवले नाही तर तो वारसा होतो. आमच्या राजधानीला हे सत्य फार लवकर उमगले, आणि म्हणूनच ती आज अत्यंत ऐतिहासिक राजधान्यांत गणली जाते. (गणना करणारे खाते राजधानीतच आहे.)

चाळीस वर्षांचा हा नियम वारसा खात्याने लेखी केला आहे. ज्या वस्तूला चाळीस वर्षांत सुतार, गवंडी, लोहार, प्लंबर किंवा शहाणा माणूस यांपैकी कोणाचाही हात लागलेला नाही, तिला खात्याकडून एक पितळी पाटी मिळते. पाटीवर 'मूळ' एवढा एकच शब्द असतो. पाटी लागल्यानंतर त्या वस्तूला हत्यार लावणे, ती हलवणे, किंवा तिच्याविषयी वाईट बोलणे हा गुन्हा आहे. तिसऱ्या कलमाखाली आजवर सर्वांत जास्त लोक सापडले आहेत.

आम्ही उतरलो ते हॉटेल किफायतशीर होते आणि त्यात एकसष्ट पाट्या होत्या. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबलेली होती. तिला पाटी होती. आमच्या खोलीची खिडकी मिटत नव्हती. तिला पाटी होती, आणि खिडकीतून येणारा वाराही मूळचाच आहे असे मॅनेजर म्हणाला. टॉवेलला मात्र पाटी नव्हती. मॅनेजरने अर्ज केला होता, पण टॉवेल अवघा एकतीस वर्षांचा निघाला. "अजून नऊ वर्षं कळ काढायची," तो म्हणाला, आणि टॉवेलची घडी पोटच्या पोराच्या मायेने सरळ केली. खात्याच्या पाहणीनुसार या हॉटेलात राहिलेले बहात्तर टक्के लोक समाधानी आहेत. उरलेले अठ्ठावीस टक्के उत्तर न देताच निघून गेल्यामुळे तेही समाधानी धरले आहेत.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझे सासरे. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षे फिटर होते. त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत कुठेतरी माशी शिंकली होती, आणि आपण जिवंत आहोत हे त्यांनी राजधानीतल्या कचेरीत स्वतः हजर राहून सिद्ध करायचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या आत ते हयातीच्या खिडकीवर दिसले नाहीत, तर त्यांच्या नावापुढे 'मयत' असा शेरा पडणार होता. "बाबांना वेळेवर घेऊन जा, बाकी काही नको," असे बायकोने मला स्टेशनवर बजावले होते. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. वेळ आणि नियम या दोन्ही बाबतींत माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा, असा माझा लौकिक आहे.

सकाळी नऊला सासरे बाथरूममध्ये गेले. बाथरूमच्या दाराला पाटी होती आणि आतल्या कडीला वेगळी पाटी होती. आता, कडी खिळखिळी होती. सामान्य माणूस खिळखिळी कडी लावतो, काढतो आणि विसरतो. पण ज्याने चौतीस वर्षे जगाच्या तोट्या घट्ट केल्या त्याला ते कसे बघवणार? खिशात एक नाणे होते. त्या नाण्याने त्यांनी कडीचा स्क्रू जरासा पिळला. कडीची मूठ त्यांच्या हातात आली आणि कडी जिथल्या तिथे रुतून बसली.

"जावईबापू," आतून आवाज आला, "एक स्क्रूड्रायव्हर सरकवा खालून. दोन मिनिटांचं काम आहे."

माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर नव्हता. मी खाली जाऊन मॅनेजरकडे मागितला, आणि तिथेच सगळे बिघडले. मॅनेजर माझ्याबरोबर धावत वर आला. त्याने दाराच्या फटीपुढे आपला बूट आडवा ठेवला.

"साहेब, पाटी असलेल्या कडीला तुमच्या माणसाने नाणं लावलंय. हा एक गुन्हा झाला. तुम्ही आत हत्यार दिलंत तर दोन होतील."

"पण माणूस आत अडकलाय!"

"माणूस अडकण्याबद्दल नियमात काही नाही. कडीबद्दल आहे."

हे मला पटले. न पटून सांगतो कोणाला? दार जुन्या जाड लाकडाचे होते, पण बिजागऱ्या हातभर लांबूनही मोडकळलेल्या दिसत होत्या. एका लाथेचे काम होते. सासरे आतून तेच म्हणत होते. "अहो, घाला लाथ आणि मोकळं करा मला! काय व्हायचं ते होऊ दे!" मी त्यांना शांत आवाजात समजावले की प्रत्येकाने असे लाथा घालायचे ठरवले तर समाजाचे काय होईल. यावर ते जे बोलले ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही.

वारसा खात्याची कचेरी समोरच्याच गल्लीत होती, त्यामुळे निरीक्षक अवघ्या अडीच तासांत आले. त्यांच्या हातांत पांढरे हातमोजे होते आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत आपण एकाही वस्तूला स्पर्श केलेला नाही, असे त्यांनी ओळख करून देतानाच सांगितले. मॅनेजरने त्यांच्यासाठी अर्ज धरला, मॅनेजरच्या भाच्याने पेन धरले, आणि निरीक्षकांनी बंद दाराकडे पाहून नमुना क्रमांक सात मधले प्रश्न विचारायला सुरुवात केली.

आता, कोणी सरकारी आवाजात वय विचारतो आहे, हे ऐकून सासऱ्यांचा असा समज झाला की हयातीच्या खिडकीवरचे साहेबच चालत हॉटेलात आले. त्यांना बिचाऱ्यांना तसे वाटावे यात नवल नाही. तासन्‌तास अडकलेल्या माणसाला जो येतो तो आपल्यासाठीच आला असे वाटते.

"वय?" निरीक्षकांनी विचारले.

"अठ्ठ्याहत्तर पूर्ण!" सासरे आतून गरजले.

"आजवर काही दुरुस्ती? जोड? बदललेले भाग?"

"छे! अंगाला एक टाका नाही बघा, साहेब. डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. दात बत्तीसच्या बत्तीस माझे!"

निरीक्षकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हलले. मॅनेजरच्या भाच्याने 'सर्व भाग मूळ' असे लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"सध्या चालू स्थितीत?"

"काल तीन मजले चढून आलोय सामानासकट. तुम्हीच सांगा, मयत माणूस चढेल का?"

'चालू स्थितीत,' असे लिहिले गेले. मी मध्ये पडायला हवे होते. 'बाबा, गप्प बसा, हे ते साहेब नाहीत,' एवढे सात शब्द होते. पण निरीक्षकांनी माझ्यावर डोळे वटारले होते, आणि चौकशी चालू असताना त्रयस्थाने बोलू नये असा संकेत आहे. सासऱ्यांना आयुष्यात कशाचा गर्व असेल तर त्यांच्या दातांचा. त्या गर्वानेच त्यांचा घात केला.

शेवटचा प्रश्न होता: "जागेवर घट्ट आहे का?"

"घट्ट म्हणजे?" सासरे म्हणाले. "हलायची सोय नाही हो इथून!"

निरीक्षकांनी निर्णय तिथल्या तिथे दिला. (राजधानीत हे दुर्मीळ आहे, आणि मॅनेजरने त्याबद्दल आभार मानले.) स्नानगृहातील वस्तू अठ्ठ्याहत्तर वर्षांची, संपूर्ण मूळ, चालू स्थितीत आणि जागेवर पक्की असल्याने संरक्षणास पात्र ठरते. ती हलवण्यास, बाहेर काढण्यास, अगर तिच्यात सुधारणा करण्यास मनाई आहे. दाराच्या पाटीखाली बासष्टावी पाटी लागली, आणि पाटी ठोकताना दार जराही हादरू नये याची फार काळजी घेतली गेली.

साडेबारा वाजले होते. मी धावतच हयातीची खिडकी गाठली. खिडकीवरच्या बाई चष्मा पुसत होत्या.

"ते जिवंत आहेत," मी धापा टाकत म्हणालो, "पण बाथरूममध्ये आहेत."

"उशीर झालेले सगळे हेच सांगतात."

"त्यांना वारसा खात्याने संरक्षित केलंय. हा बघा दाखला. चालू स्थितीत आहेत म्हणून लिहिलंय."

बाईंनी दाखला उलटसुलट पाहिला. "चालू स्थितीत आमच्या चौकातलं घड्याळपण आहे. ते पेन्शन मागायला येत नाही."

"मग फोटो दाखवू?"

"फोटोत सगळेच जिवंत दिसतात, भाऊ. माणूस आणा."

एकच्या ठोक्याला त्यांनी खिडकी खाली ओढली. काचेआडून त्या वहीत काहीतरी लिहिताना दिसल्या. शब्द तीनच अक्षरांचा होता. मी तिथूनच बायकोला घाबऱ्याघुबऱ्या फोन केला. परतताना मी सगळीकडे रस्ता मात्र सिग्नल पाहूनच ओलांडला.

बायको दुसऱ्या दिवशी आली. तिच्या हातात तिच्या वडिलांचीच हातोडी होती. ती तडक जिना चढू लागली. तिसऱ्या मजल्यावर दोन रखवालदारांनी तिला अडवले. झटापटीत हातोडीच्या दांड्यावरचा शिक्का निरीक्षकांच्या नजरेस पडला. हातोडी पंचावन्न वर्षांची निघाली. ती आता खाली काचेच्या पेटीत आहे, आणि पेटीला पाटी आहे. मग बायको माझ्याकडे वळली. "तुझे हात-पाय काही चाळीस वर्षं वापरायचे राहिले नव्हते ना?" एवढेच म्हणाली. मी आदल्याच महिन्यात एकेचाळीस पूर्ण केली होती. पण तो मुद्दा मी मांडला नाही.

या गोष्टीला आता सात महिने झाले. सासऱ्यांची व्यवस्था उत्तम आहे. दारावरच्या अरुंद झडपेतून ब्रेड आणि केळी जातात. पाण्याचा प्रश्न नाही. नळ गळकाच आहे. बायको कामावर रजा टाकून दाराशी स्टुलावर बसून असते, आणि संत्र्याच्या फोडी सोलून एकेक करून फटीतून सरकवते. बाप-लेकीचे बोलणे चालते. पहिले महिनाभर सासरे गर्जत असत. आता हळू बोलतात. हॉटेलचे मात्र भाग्य उजळले. आमची खोली सोडून सगळ्या खोल्या वर्षभर आधी भरतात, आणि सकाळी दहा ते पाच तिसऱ्या मजल्यावर रांग असते.

आणि आशा अगदीच नाही असे नाही. मी अपील केले, तेव्हा हयातीच्या कचेरीने नियमावलीतले एक जुने पोटकलम स्वतः होऊन दाखवून दिले. माणूस हजर राहू शकत नसेल, तर नात्यात नसलेल्या बारा नागरिकांनी 'आम्ही याला जिवंत असताना भेटलो' अशी सही केली की शेरा रद्द होतो. शेरा रद्द झाला की आत जिवंत माणूस असल्याचे सिद्ध होते, आणि जिवंत माणूस ही वस्तू नसल्यामुळे पाटी आपोआप निघते. सगळा प्रश्न बारा सह्यांचा आहे. मी दाराजवळ एक टेबल ठेवले आहे. टेबलावर वही आहे आणि दोरीला बांधलेले पेन आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: 'आत माणूस आहे. कृपया बोला आणि सही करा.'

आजवर अकरा हजार चारशे लोक येऊन गेले. वहीची तीन पाने भरली आहेत. त्यांत बदाम आहेत, बदामांत एकमेकांची नावे आहेत, एक मांजर आहे, आणि 'नाश्ता सुधारा' अशी एक सूचना आहे. सही एकही नाही. "आज किती झाल्या?" असे सासरे रोज पाच वाजता विचारतात. बायको रोज "होतायत, बाबा," म्हणते आणि तोंडात पदर धरते.

परवा रविवारी तुम्हीही येऊन गेलात. मी बाजूलाच उभा होतो. तुम्ही मला हॉटेलचा नोकर समजून चप्पल ठेवायची जागा विचारलीत. तुमची मुलगी बरोबर होती. तुम्ही पाट्या वाचल्यात, दारापुढे उभे राहून फोटो काढून घेतलात, आणि टेबलापाशी थांबून मी लिहिलेली ओळ मोठ्याने वाचलीत. मग इतरांनी केले नाही ते केलेत. तुम्ही दारावर टकटक केलीत.

"कोण आहे?" सासरे लगबगीने उठल्याचे ऐकू आले. "अहो, थांबा, जाऊ नका. तेवढी सही करून जा हो. पेन तिथेच आहे बघा टेबलावर."

तुम्ही पेन उचललेत. माझी बायको स्टुलावरून उठून उभी राहिली. तुम्ही पेन हातात धरून दाराला कान लावलात, आणि आतून पुन्हा "अहो, ऐकताय ना?" असे आल्यावर तुमचा चेहरा आनंदाने फुलला. पेन खाली ठेवून तुम्ही मुलीला जवळ ओढलेत.

"ऐकलंस?" तुम्ही तिला म्हणालात. "काय हुबेहूब रेकॉर्डिंग केलंय! अगदी जिवंत माणूस वाटतो."